चार एकर रानाला किती एचपीचा ट्रॅक्टर?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, वय ५९. पुढच्या वर्षी बँकेतून निवृत्त होईन. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला वडिलांची चार एकर जमीन वाटणीत माझ्या नावावर झाली आहे. साधारण पाऊण एकरात भाताची खाचरं आहेत. एक एकरावर वडिलांनी दोन बाय दोन मीटरवर साग लावलेला. थोडे कलमी आंबे. बाकी सगळं वरकस रान: ऐन, मोह, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या आणि जिकडेतिकडे टणटणी. रान साफ ठेवावं, वाळलेली लाकडं ओढून आणावीत, नव्या रोपांना पाणी घालावं आणि भात सोडू नये, एवढीच इच्छा आहे. डीलर ४५ एचपीचा ट्रॅक्टर घ्या म्हणतो. भाऊ म्हणतो, घ्यायचाच तर मोठा घे, अशी खरेदी पुन्हा पुन्हा होत नाही. गावातला पुतण्या म्हणतो, आत्या, पॉवर टिलर पुरे झाला. ट्रॅक्टर मला स्वतः चालवायचाय, आणि ते घरात कुणाला पटत नाही. किती मोठा घ्यावा?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुमच्या रानाला २४ ते २८ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्हचा आणि चार फुटांच्या आतबाहेर रुंदी असलेला लहान ट्रॅक्टर योग्य आहे. ४५ चा घेऊ नका. पॉवर टिलर खाचरात चालेल, रानात नाही. आणि चालवायचा असेल तर तुम्हीच चालवा. त्यासाठी काय पाहायचं तेही पुढे लिहिलंय.

डीलरने तुम्हाला पहिला प्रश्न विचारला असेल, 'जमीन किती?' तुम्ही चार एकर सांगितलं असेल आणि त्याने मनातल्या मनात देशावरची चार एकर सपाट काळी जमीन धरली असेल. तिथे ऊस असतो, सोयाबीन असतं, लांबच लांब तास असतात, एकदा वळलं की बराच वेळ वळावं लागत नाही. तिथे ४५ एचपी शोभतो. तुमच्या चार एकरांत मात्र किती एकर आहेत याला फारसा अर्थ नाही. दोन झाडांमध्ये किती जागा आहे, उतार किती आहे आणि वाटेतली सगळ्यात अरुंद जागा कोणती, या तीन गोष्टींवर तुमच्या ट्रॅक्टरचा आकार ठरणार आहे.

सागापासून सुरू करू. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट, आणि तेही खोडाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. खोड सात-आठ इंचांचं धरलं तरी मोकळी जागा सहा फुटांच्या आत येते. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची रुंदी साधारण साडेपाच ते सहा फूट भरते. म्हणजे तो सागाच्या ओळीत शिरणारच नाही, आणि शिरला तर सालं सोलत जाईल. सागाचं खोड खालच्या पाच-सहा फुटांतच किंमत धरतं. तिथे झालेली जखम लाकडाच्या आत जाते आणि तोडणीच्या वेळी व्यापारी तिच्याकडे बोट दाखवून भाव पाडतो. चार फुटी ट्रॅक्टर त्याच ओळीतून दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून निघतो. वीतभर म्हणजे फार नव्हे, हळूच जावं लागतं, पण जाता येतं.

वडिलांनी विरळणी केली असेल तर ओळी आणखी मोकळ्या असतील. म्हणून कागदावरच्या अंतरावर विसंबू नका. पावसाळा संपला की एक दिवस चार फुटांची काठी घेऊन सगळ्या ओळी चाला. काठी आडवी धरायची आणि जिथे दोन्ही टोकांना वीतभर जागा उरत नाही तिथे खोडाला चुन्याचा ठिपका द्यायचा. संध्याकाळपर्यंत तुम्हाला तुमच्या रानाचा नकाशा कोणत्याही डीलरपेक्षा चांगला कळलेला असेल. त्याच फेरीत फाटकाची रुंदी मोजा, ओढ्यावरची मोरी मोजा, आणि रस्त्यापासून खाचरापर्यंत जाताना कुठले बांध ओलांडावे लागतात ते लिहून ठेवा. ट्रॅक्टर घरी आल्यावर मोरीवरून जात नाही असं कळलं, की पहिला खर्च मोरीचा निघतो.

ट्रॅक्टर मोठा आहे म्हणून झाडं तोडायला लावणारी माणसं भेटतील. 'ताई, ही एक ओळ काढली की सगळं सोपं होईल.' त्यांचं ऐकू नका. यंत्र झाडांच्या मापाचं घ्यायचं असतं. तुमच्या वडिलांनी लावलेली झाडं पंचवीस-तीस वर्षं तिथे उभी असतील. ट्रॅक्टर त्यांच्या आधी मोडीत निघणार आहे.

आता उतार. वरकस म्हटलं की उतार आलाच, आणि या विषयावर मी जरा लांबणार आहे, कारण ट्रॅक्टरमुळे माणसं दगावतात ती बहुतेक ट्रॅक्टर उलटून. दहा फुटांचा सरळ बांबू किंवा ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, गवंड्याकडची लेव्हल त्यावर ठेवा. एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेका, दुसरं टोक उचलून बांबू समतल करा आणि त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. एक फूट आलं तर दहा टक्के उतार, दोन फूट आलं तर वीस. नवख्या माणसासाठी माझी मर्यादा अशी आहे: दीड फुटापर्यंत उताराला आडवं चालवलं तरी चालेल, तेही सावकाश आणि जमीन कोरडी असताना. त्यापुढे फक्त सरळ वर, सरळ खाली. अडीच फुटांच्या पुढे ट्रॅक्टर नेऊच नका. तिथलं गवत ब्रश कटरने कापून घ्या. ट्रॅक्टर किती का ताकदीचा असेना, ही मर्यादा बदलत नाही.

इथे लहान ट्रॅक्टरची एक उणी बाजू सांगायलाच हवी. अरुंद ट्रॅक्टर उताराला आडवा चालवताना रुंद ट्रॅक्टरपेक्षा लवकर कलतो. त्यावर उपाय आहे. बहुतेक लहान ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांतलं अंतर रिम उलटी-सुलटी बसवून कमी-जास्त करता येतं. डीलरकडे ते विचारून घ्या आणि सागाच्या ओळीत मावेल इतक्या जास्तीत जास्त रुंदीवर चाकं बसवून घ्या. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर वजन खाली राहतं आणि पकडही वाढते. मुरबाड-शहापूरकडच्या टायरवाल्यांना हे काम ठाऊक असतं. चढ तीव्र असेल तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये वर चढवावा आणि पुढे तोंड करून खाली उतरवावा. पुढे तोंड करून चढताना पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलथू शकतो. उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून कधीच सोडायचा नाही. उतार सुरू होण्याआधीच लहान गिअर टाकायचा आणि इंजिनच्याच अडसरावर खाली यायचं.

आणि रोल बार. सीटच्या मागे उभी असलेली ती लोखंडी कमान काहींना शोभेची वाटते. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचं डोकं आणि जमीन यांच्यामध्ये तीच असते. आपल्याकडे सगळ्या लहान ट्रॅक्टरांना ती येत नाही. तुम्ही मात्र ती असलेलाच ट्रॅक्टर घ्या, आणि दुमडणारी घ्या. आंब्याच्या खालच्या फांद्यांखालून जाताना दुमडायची, बाहेर आलं की लगेच उभी करायची. कमान उभी असताना सीट बेल्ट लावायचा, दुमडलेली असताना लावायचा नाही. फांद्या लागतात म्हणून कमान काढून शेडमध्ये ठेवणारे लोक आहेत. तसं कुणी सुचवलं तर त्या माणसाला ट्रॅक्टरला हात लावू देऊ नका.

लाकडं ओढण्याबद्दल तुम्ही विचारलंत. भावाचा 'मोठाच घे' हा सल्ला बहुधा इथूनच आला असणार. हिशोब करून पाहू. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे जवळजवळ आठ घनफूट लाकूड. ओला साग पाण्याच्या जवळपास वजनाचा असतो, म्हणजे हा ओंडका सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. दीड फूट जाडीचा त्याच लांबीचा ओंडका मात्र अर्धा टन भरतो, कारण जाडी दीडपट झाली की वजन सव्वादोनपट होतं. वाळलेली लाकडं याहून हलकी. तुम्हाला ओढायच्या आहेत त्या वाळक्या फांद्या आणि पडलेली मध्यम जाडीची झाडं, आणि ती २४-२८ एचपीचा फोर व्हील ट्रॅक्टर ओढतो. ओढण्याची ताकद एचपीपेक्षा चाकांवरच्या वजनावर आणि किती चाकं जोर लावतात यावर जास्त अवलंबून असते. या वर्गातले ट्रॅक्टर साडेसहाशे किलोंपासून एक टनाच्या पुढेपर्यंत मिळतात. लाकूड ओढायचं असेल तर त्यातला जड बाजूचा निवडा. अर्धा टनाचा ओंडका असेल तर तो जागेवरच दोन तुकडे करून आणा. घाई कसली?

साखळी कुठे बांधायची हे तुम्ही आणि तुमचा पुतण्या दोघांनी पाठ करून ठेवा. ती नेहमी खाली, ड्रॉबारला म्हणजे मागच्या बाजूच्या ओढायच्या लोखंडी पट्टीला बांधायची. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या) जागेला, सीटखाली किंवा मागच्या धुऱ्याच्या वर कुठेही बांधली आणि ओंडका एखाद्या खुंटात अडकला, तर मागची चाकं जमिनीला धरून राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड आकाशाकडे उचललं जातं. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच जमिनीत रुतलेले खुंट ट्रॅक्टरने उपटायला जाऊ नका, ४५ चा असता तरी नको म्हटलं असतं. खुंट काढायचे असतील, वाट करायची असेल, तर गावात जेसीबी येतो तेव्हा अर्ध्या दिवसासाठी बोलवा. चार-पाच वर्षांतून एकदा लागणाऱ्या कामासाठी मोठा ट्रॅक्टर पोसत बसण्यात काही अर्थ नाही. करवंदी आणि टणटणी कापणाऱ्या मजुरांना एक सांगून ठेवा: खुंट तिरके छाटायचे नाहीत, जमिनीला लागून आडवे कापायचे. तिरका छाटलेला खुंट भाल्यासारखा उभा राहतो आणि टायर फाडतो.

एचपीचा खरा संबंध मागे काय जोडायचं त्याच्याशी आहे. इंजिनची ताकद पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यातून अवजाराला मिळते, आणि तिथे पोचेपर्यंत तिच्यात दहा-पंधरा टक्के घट होते. २४-२८ चा ट्रॅक्टर साडेतीन ते चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) चालवतो आणि तेवढ्याच रुंदीचा गवत कापणारा स्लॅशर आरामात चालवतो. फांद्यांचा भुगा करणारं मल्चर हवं असेल तर २८ कडे झुका, त्या अवजाराला ताकद लागते. ११ एचपीचा स्वराज कोड किंवा १५ एचपीचा महिंद्रा युवराज हे दोन्ही आपापल्या जागी चांगले आहेत, भाजीपाला आणि फळबागेच्या ओळींत शोभतात. पण वाळक्या ओंडक्यांचं आणि उताराचं काम त्यांच्यावर टाकू नये. २४ ते २८ च्या वर्गात महिंद्राचे जिवो आणि ओजा, कुबोटाचे निओस्टार, व्हीएसटीचे लहान ट्रॅक्टर, जॉन डिअरचा २८ एचपीचा अशी पुरेशी निवड आहे. मी नाव सुचवत नाही. मुरबाड किंवा कल्याणला कोणाचा मेकॅनिक फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी येतो ते गावात विचारा आणि त्या कंपनीचा घ्या.

रोटाव्हेटरबद्दल एक विनंती. आंब्याच्या झाडाखाली, फांद्यांचा घेर जिथपर्यंत जातो तिथपर्यंत, तो फिरवू नका. झाडाला पोसणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि रोटाव्हेटर नेमकी तीच तोडतो. तिथे गवत फक्त कापा आणि तिथेच आच्छादन म्हणून राहू द्या. सागातही तेच.

जमिनीच्या ओलीचाही विचार करा. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर रानात चिखल असतो. त्या काळात दोन टनांचा ट्रॅक्टर झाडांखाली फिरला तर माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही, आणि त्याचा परिणाम झाडावर दोन-तीन वर्षांनी दिसतो तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. लहान ट्रॅक्टरही पावसाळ्यात झाडांखाली नेऊ नकाच, पण चुकून नेलाच तर नुकसान निम्म्याहून कमी.

खाचरात मात्र पावसातच जावं लागतं. चिखलणीला हलका फोर व्हील ट्रॅक्टर मोठ्यापेक्षा बरा, कारण तो रुतत नाही. त्यातही तुमच्याकडची खाचरं चार-पाच गुंठ्यांची असतील. चार गुंठे म्हणजे जेमतेम ६६ फूट लांब, ६६ फूट रुंद. ४५ चा ट्रॅक्टर तिथे अर्धा वेळ वळण्यातच घालवेल आणि वळताना बांध फोडेल, मग फुटलेला बांध फावड्याने घालायला माणूस लावा. चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाकं, सोबत घ्या. पुतण्याचं म्हणणं इथे बरोबर आहे: फक्त पाऊण एकर भातच करायचा असता तर पॉवर टिलर पुरला असता. पण त्याच्या मागे चालत उतारावर फिरणं, लाकूड ओढणं आणि त्याच्या थरथरीने दिवसभर हात बधिर करून घेणं हे साठीच्या उंबरठ्यावर मी कुणालाच सुचवणार नाही.

पाणी नेण्यासाठी ट्रॉलीवर ५०० लिटरची टाकी ठेवा. हजार लिटरची ठेवली तर पाण्याचंच वजन एक टन झालं, म्हणजे ट्रॅक्टरइतकं, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. उतारावर अशी ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. टाकी नेताना भरलेली न्यावी किंवा रिकामी. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि ट्रॉली पाडतं.

आता कागदपत्रं, आणि ही ट्रॅक्टरच्या आधी पाहा. सातबारावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. ठाणे जिल्ह्यात कित्येक जमिनींवर १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखालची, म्हणजे जमीन खासगी वन असल्याची नोंद वर्षानुवर्षं पडून आहे. अशाच नोंदींमुळे मुलुंडसारख्या भागातली घरं अडकली होती, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना दिलासा मिळाला. तुमच्या गटावर तशी नोंद असेल तर वाट काढणं, सपाटीकरण, सगळंच थांबवा आणि आधी तहसील आणि वन विभागात चौकशी करा. नोंद नसली तरी साग, ऐन, मोह, जांभूळ, आंबा, फणस, खैर, हिरडा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि तोडलेला साग ट्रॉलीत घालून रस्त्यावर आणायचा तर वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. पुतण्या 'इथे कोण बघतंय' म्हणाला तरी तुम्ही परवाना घ्या. ट्रॅक्टर तुमच्या नावावर असणार आहे.

अनुदान हवं असेल तर क्रम चुकवू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करायचा, त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवायचा, आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. 'आत्ता बुक करा, अनुदानाचं मागून बघू' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये तो ५ च लावलाय ना, हे पाहा. तुमच्याकडे गाडीचा एलएमव्ही परवाना असेल तर शेतीच्या ट्रॅक्टरला तो चालतो.

स्वतः चालवण्याबद्दल. तुम्ही वय लिहिलंत ते अडचण म्हणून लिहिलंत असं वाटलं. २४-२८ चा ट्रॅक्टर पॉवर स्टिअरिंगचा घ्या, मग जोराचा प्रश्न उरत नाही. शोरूममध्ये सीटवर बसा, पाठ टेकलेली असताना क्लच पूर्ण दाबता येतो का पाहा, ब्रेक दाबून पाहा, चढता-उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दोन-तीनदा करून पाहा. मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळ्या पेडलवर असतात. रस्त्यावर येताना ती पेडलं कडीने एकत्र जोडायची, नाहीतर जोरात ब्रेक लावला की ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर कधी काढू देऊ नका, आणि ट्रॅक्टरवर साडी, ओढणी, पदर नको. अंगासरशी कपडे आणि बूट. अवजारात गवत अडकलं तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग खाली उतरायचं. पहिले काही दिवस सपाट खाचरात, भात काढल्यावर, पुतण्याला शेजारी उभं करून शिका. शेजारी म्हणजे जमिनीवर. मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही, त्यालाही नाही आणि सुट्टीत येणाऱ्या नातवंडांना तर मुळीच नाही. घरच्यांची भीती खोटी नाही. पण ती या नियमांनी कमी होते, तुम्हाला घरी बसवून नाही.

दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की ट्रॅक्टरचं सगळ्यात मोलाचं काम सुरू होतं. रानाच्या हद्दीने दहा-पंधरा फुटांचा पट्टा स्लॅशरने कापून, गवत गोळा करून जमीन उघडी करायची. ही तुमची जाळरेषा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत मुरबाडच्या डोंगरांवर वणवे दिसतात, आणि ठिणगी तुमच्या सागापर्यंत येऊ नये यासाठी यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. त्या दिवसांत ट्रॅक्टरचाच सायलेन्सर आग लावू शकतो. खालून जाणारा सायलेन्सर फांद्यांत अडकत नाही, पण वाळक्या गवताच्या जवळ असतो. वर जाणारा फांद्यांना लागतो. तुमच्या रानाला मी वर जाणाराच म्हणेन, ठिणगी अडवणारी जाळी लावून. काम झाल्यावर गरम ट्रॅक्टर गवतात उभा करायचा नाही. रेडिएटरच्या जाळीवर गवताचं बी चिकटतं, ते दर दोन तासांनी झटकायचं, नाहीतर इंजिन तापतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. शेजारच्या वाडीतल्या ठाकर-कातकरी बायका पहाटे ती वेचायला येत असतील. वडिलांच्या वेळेपासून येत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय त्या झाडांखाली स्लॅशर फिरवू नका. करवंदीच्या चार-दोन जाळ्याही राहू द्या. टणटणी तेवढी सगळी काढा, तिच्याबद्दल मला दया नाही.

एक व्यवहाराची गोष्ट उरली. तुमच्या कामाचे तास मोजले तर वर्षाला शंभरही भरतील का, याची मला शंका आहे. एवढ्या तासांना भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो हे खरं. अडचण अशी की जुलैत चिखलणीला सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो, आणि भाड्याने येणारा चालक झाडांत शिरायला राजी नसतो; शिरलाच तर खोडांची पर्वा करत नाही. म्हणून विकत घेण्याला मी विरोध करत नाही. पण एक हंगाम भाड्याने काढा. वहीत तारीख, काम आणि तास लिहा. निवृत्तीला वर्ष आहेच.

मग डेमो मागा, आणि तो शोरूमच्या फरशीवर नको, तुमच्या रानात हवा. नोव्हेंबरात, जमीन जरा वाळल्यावर, २४ आणि २८ चे दोन ट्रॅक्टर वेगवेगळ्या दिवशी बोलवा. चुन्याचे ठिपके दिलेल्या ओळीतून नेऊन पाहा, सगळ्यात जास्त चालू शकेल अशा उतारावर रिकामी ट्रॉली लावून वर-खाली करायला लावा, आणि एक वाळका ओंडका ओढायला लावा. चालक तुम्हीच असाल असं आधी सांगून ठेवा, म्हणजे ते मोकळ्या जागेत तुम्हालाही बसवतील. तोपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही देऊ नका. सागाच्या ओळीतलं सगळ्यात कमी अंतर, बांबूच्या टोकाखाली मोजलेले इंच आणि मोरीची रुंदी, हे तीन आकडे मला कळवा. २४ घ्यावा की २८, ते मी त्यावरून नक्की सांगेन.